दसऱ्यापर्यंत थांबलेली गाडी

आमचे हे एसटीत ड्रायव्हर होते. इंदापूर-बारामती, बारामती-इंदापूर, उभा जन्म त्याच रस्त्यावर गेला. मी निरवांगीची सून, माहेर लोणी भापकर. माहेरी जायचं तर बारामती गाठावीच लागते, आणि कितीदा तरी नेमकी यांचीच गाडी मिळायची. बाया म्हणायच्या, तुझी मजा हाय, घरची गाडी! कसली डोंबलाची मजा? हे पुढं जाळीच्या आत, मी मागं गर्दीत. मला दिसायची ती यांची घामेजलेली मान. बोलायची सोय नाही, वळून बघायचीही नाही.

"रिटायर झालो की ल्हानशी गाडी घिऊ," हे म्हणायचे. "तू म्होरं बसायचं, माझ्या शेजारी. तुझ्या भावाच्या दारात निऊन सोडतो."

"आधी बाजारातनं भाजी आणा, मग गाडी आणा," मी म्हणायची. पण मनातनं मी त्या सीटवर कधीच जाऊन बसले होते. खोटं कशाला सांगू, त्या दिवशी कुठली साडी नेसायची तेसुद्धा ठरवून ठेवलं होतं.

रिटायर झाले आणि पहिल्याच उन्हाळ्यात यांच्या अंगावरून वारं गेलं. डावी बाजू गेली. बारामतीच्या दवाखान्यात राहून पाय बऱ्यापैकी सुधारला, काठीनं चालायला लागले. डावा हात मात्र मांडीवर ठेवला की तिथंच पडून राहायचा. गाडी चालवता येईल का, असं यांनी विचारलं तेव्हा डॉक्टरांनी नुसती नाही म्हणून मान हलवली. त्यानंतर यांनी गाडीचं नाव काढलं नाही. मीही काढलं नाही, पण आत सारखं टोचायचं.

हाताच्या व्यायामाला एक रबरी चेंडू दिला होता. तो यांनी भिरकावून दिला. "मी काय ल्हान पोर हाय का?" मग आमची लेक, ती बारामतीत नोकरीला असते, तिनं यांच्या मोबाईलवर गाड्यांच्या शर्यतीचा गेम टाकून दिला. फोन दोन्ही हातांनी आडवा धरायचा, फिरवला की गाडी वळते. उजव्या अंगठ्याखाली स्पीड, डाव्याखाली ब्रेक. म्हणजे डाव्या हाताची सुटका नाही. पोरगी हुशार, बापाचं नाक कुठं धरायचं ते तिला बरोबर ठाऊक.

आधी यांनी नाक मुरडलं. मग एका दुपारी बघते तर हे खाटेवर बसून गाडी पळवतायत. पळवतायत कसली, रांगवतायत! वळण आलं की ब्रेक. मागून कुणी आला की साईड. दर शर्यतीत शेवटचा नंबर.

मी शेजारी चिकटून बसायची, नाहीतर स्क्रीन दिसायची नाही. "अहो, शर्यत हाय ही, दाबा की!"

"दाबून कसं चालंल? गाडीत माणूस बसलंय."

"कुठं हाय माणूस?"

"तू न्हाईस व्हय?"

मी उठले आणि चहा टाकला.

हरणाऱ्याला बक्षीस कोण देणार? त्यामुळं आमच्याकडं पहिल्या दिवशी मिळालेली तीच लाल डबडी गाडी. लेकीनं सांगितलं, "आई, कोड असतात. गेमवालेच देतात. सेटिंगमध्ये जाऊन टाकायचा, बक्षीस मिळतं. पण लवकर टाकायचा, नाहीतर मुदत संपते." मी बारावी झालेली, त्यामुळं ते खातं माझ्याकडं आलं. सकाळची भांडी झाली की माझा फोन घेऊन बसायची. यूट्यूबवर एक मेला 'आजचे नवे कोड' म्हणून घसा फाडून ओरडायचा, आणि त्याचा कोड टाकला की उत्तर ठरलेलं, मुदत संपली. त्याला मी तोंडाला येईल ते बोलायची. हे हसायचे. पण एखादा कोड लागायचा, स्क्रीनवर बक्षिसाची पेटी फुटायची, कधी नाणी, कधी गाडीला नवा रंग, आणि आम्ही दोघं म्हातारी अशी खूश व्हायचो की बघणाऱ्याला वाटावं, लॉटरी लागली.

आणि मग ती गाडी लागली. पेटी फुटली आणि आतनं पांढरीशुभ्र नवी गाडी बाहेर आली. यांनी बोटानं ती फिरवली, काचेतनं आत डोकावलं. आत दोनच सीटा.

"ही बघ तुझी सीट," हे म्हणाले.

इतक्या महिन्यांत यांनी तो विषय पहिल्यांदा काढला होता. "मग चला की," मी म्हणाले.

"खुळी का काय! पित्तरपाठ चालू हाय. नवी गाडी काढत्यात व्हय असल्या दिवसांत? दसऱ्याला पूजा करू, मग काढू."

मला ते पटलं. पटणारच. त्या पंधरवड्यात आमच्या घरात साधा झाडूसुद्धा विकत आणत नाहीत, मग गाडी कुठली? शिवाय डेपोत असताना हे दर दसऱ्याला आपली बस धुऊन, हार घालून, मगच स्टार्टर मारायचे. तेव्हा नवी गाडी गेममधल्या शेडमध्ये उभी राहिली. रोज उघडून बघायचो आणि शर्यत लाल डबड्यावरच खेळायचो. गाडीखाली एक बारकं घड्याळ चालू असायचं. आम्हाला वाटलं, शर्यतीचंच असेल.

त्या दिवसांत हे बदलले. चेंडू यांनी स्वतः मागून घेतला. "नव्या गाडीला हात बसलेला पायजे," म्हणायचे आणि दात आवळून दाबत राहायचे. अंगठा हलायला लागला. मी वरून चेष्टा करायची, आतून देवाला हात जोडायची. गेममधली तर गेममधली, पण हे मला शेजारी बसवून नेणार होते. मला ते हवं होतं. माणसाला हवं असतं.

दसऱ्याला पाटावर फोन ठेवला. हळदकुंकू, झेंडूचा हार. चाकाखाली लिंबू ठेवायचं, तर चाक कुठं शोधायचं? फोनखाली ठेवलं तर फोन घरंगळला. "आडवा कर, आडवा!" हे ओरडले आणि दोघांनाही हसू आवरेना. यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मी ती ठरवून ठेवलेली साडी नेसले होते. नारळ फोडला, यांनी दोन्ही हातांत फोन धरला आणि गेम उघडला.

शेडमध्ये गाडी नव्हती. तिच्या जागी काळी सावली आणि कुलूप.

"कुणी न्हेली?" हे म्हणाले.

मी खालची इंग्रजी ओळ वाचली. गाडी काही दिवस वापरायलाच दिलेली होती. दिवस भरले, परत घेतली.

"मग सांगायचं न्हाय व्हय त्यांनी?" मी तडकले. गेमवाल्यांवर तडकले, पितरांवर तडकले, त्या नारळावरसुद्धा. यांनी फोन पालथा ठेवला. डावा हात उचलून मांडीवर ठेवला, आधी पडून राहायचा तसाच.

"ऱ्हायलं बघ," हे म्हणाले. "तुला शेजारी बसवून न्यायचं ऱ्हायलंच."

गेमबद्दल बोलत नव्हते. मला कळत नाही का?

अजून क्षणभर बसले असते तर रडले असते. म्हणून म्हटलं, "उठा. लोणीला जायचंय, भावाला सोनं द्यायला. सण हाय."

"कशानं?"

"एसटीनं. अजून कशानं?"

आजारपणापासून हे एसटीत चढले नव्हते. दवाखान्याला भाड्याची जीप असायची. हार घातलेली बस आली. दोघांच्या सीटवर यांना खिडकीशी बसवलं, मी टेकून बसले. गाडी उसातनं निघाली. प्रत्येक वळणाला यांचा उजवा पाय पत्र्यावर दाबला जायचा. ब्रेक लावत होते. यांच्या ते ध्यानातही नव्हतं.

"बसलीस की शेवटी शेजारी," हे म्हणाले आणि हसले.

"बसले," मी म्हणाले आणि तोंड दुसरीकडं फिरवलं.

यांच्या जागी जाळीच्या आत बसलेला ड्रायव्हर तरणाताठा होता. गाडी फार चांगली चालवत होता, एक धक्का बसू देत नव्हता. मला त्याचा इतका राग आला, इतका राग आला, की बारामतीचा स्टँड येईपर्यंत डोळ्यांतलं पाणी थांबलं नाही.