उघड्या पाठीचा कोट

"खांदे सकयल, मान वयर. आतां तूं सायब."

खांदे खाली, मान वर, एवढं म्हणून आमचे फोटोवाले कॅमेऱ्यामागून पुन्हा पुढे यायचे आणि समोरच्याच्या कोटाचं वरचं बटण स्वतःच्या हातांनी लावायचे. आधीच लावलेलं असलं तर काढून पुन्हा लावायचे. त्याशिवाय त्यांचा फोटो निघत नसे.

पाळीच्या बाजारात त्यांचा स्टुडिओ आणि माझं, म्हणजे मेस्ताचं, शिवणाचं दुकान, मध्ये एक भिंत. आमच्या गावात कोणाच्याही घरी जा आणि भिंतीवर बघा. आजोबा कोटात, बाप कोटात, मुलगाही कोटात. जरा निरखून पाहिलंत तर कळेल, कोट एकच आहे. खिशाजवळ बारीक रफू दिसेल, ते माझं.

कोट त्यांनी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून जुना आणला होता. बेतलेला अगदी वाईट. शिवणारा भेटला असता तर मी त्याला दोन शब्द सुनावले असते. पण आणायला कारण होतं. खाणीवर राबणाऱ्याचा पांढरा शर्ट तांबडा होतो आणि कितीही आपटला तरी तांबडाच राहतो. तसल्या शर्टातला फोटो सोयरिकीला पाठवायचा कसा? कोट बारक्याला बसावा आणि ढेरपोट्यालाही बसावा म्हणून त्यांनी माझ्याकडून त्याची पाठ वरपासून खालपर्यंत उसवून घेतली, नाड्या लावून घेतल्या. पुढून सायब, मागून फाटका बनियन. फोटोला मागची बाजू कुठे असते?

फोटो म्हणजे काय हे आमच्या भागाला त्यांनी शिकवलं, असं मी म्हणतो तेव्हा लोक हसतात. हसोत बापडे. उजेड एकाच खिडकीतून घ्यायचा, एक खांदा किंचित पुढे, हात खुर्चीच्या पाठीवर आणि हसायचं नाही, हे सगळं त्यांचं. "हांसो सोंपता, फोटो उरता," ते म्हणायचे. त्यांच्या हाताखाली शिकून गेलेल्यांनी साखळीला, वाळपईला, तुयेला स्टुडिओ काढले आणि प्रत्येकाने तसाच कोट माझ्याकडून शिवून घेतला, बिनपाठीचा. मला काय, कापड वाचत होतं.

स्वतः ते मात्र शर्टाचं वरचं बटण कधी लावत नसत. सणावाराला बायको लावायची, बाहेर पडले की काढायचे. "मान आवळता," म्हणायचे.

एकदा त्यांनी वेगळाच घाट घातला. खाणीवरून सुटून घरी निघालेल्या एका माणसाला रस्त्यातच थांबवलं आणि होता तसा टिपला. पापण्यांपर्यंत तांबडा, आणि त्यात दोन डोळे. तो फोटो मोठा करून शोकेसमध्ये लावला. मी शिवण सोडून बघायला गेलो आणि बराच वेळ तिथून हललो नाही. त्यांनी काढलेला इतका जिवंत फोटो मी त्याआधी पाहिला नव्हता.

संध्याकाळी त्या माणसाची बायको आली. भांडली नाही. काचेतल्या नवऱ्याकडे बघत म्हणाली, "सगळ्यांचे घोव सायब, आनी म्हजोच तेवडो कामेरी? कोट घाला तांकां."

त्यांनी फोटो उतरवला. दुसऱ्या दिवशी त्या माणसाला बोलावून कोटातला काढून दिला. मग माझ्या दुकानात येऊन स्टुलावर बसले.

"मेस्त, तिचें खरें," म्हणाले. "पूण म्हजेंय खोटें न्हय."

त्यानंतर त्यांनी पुन्हा कधी तसा फोटो काढला नाही. गिऱ्हाईक दारातूनच विचारायचं, कोट आहे ना? त्यांना दुसरं काही काढू द्यायला गाव तयार नव्हतं. जे आपणच लोकांना शिकवलं, त्यातून सुटका कशी मागायची? "घालता दुसरो आनी गुदमरतां हांव," असं एकदा स्वतःकडे बोट करून म्हणाले, तेव्हा मी हसलो नाही.

खाणी बंद पडल्या तेव्हा मला वाटलं, आता तांबडा शर्ट नाही तर कोटही जाईल. कुठचं काय. कोल्हापूरकडून ट्रकवर कामाला आलेला एक गडी त्यांच्याकडे शिकून तुयेच्या औद्योगिक वसाहतीजवळ बसला होता. त्याने गुरूचा कोट कॉम्प्युटरवर चढवला. आता कोट कोणी अंगात घालायचा नव्हता, नुसतं डोकं द्यायचं. मोठ्या कौतुकाने तो दाखवायला आला. "मालक, तुमचाच कोट हाय. रफूसुदा तसंच ठेवलंया."

त्यांनी चष्मा लावून पाहिलं. "बरें केलें," म्हणाले. तो गेल्यावर माझ्याकडे वळले. "आतां हो मरचोच ना." कोटाला आता मरण नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही दोघे बंद खाणीच्या कडेला फिरायला गेलो होतो. वाऱ्याने धूळ उडत होती. त्यांच्या भुवया तांबूस झालेल्या, बटण उघडं. मी मोबाईल काढला.

"काडा," ते म्हणाले. "हांव गेल्याउपरांत होच लावपाचो. पाळयेच्या एके वणटीक तरी मनीस दिसूं दी." एका तरी भिंतीवर माणूस दिसावा, एवढंच त्यांचं मागणं होतं. मी नेम धरतोय तोवर कोट नको म्हणून पुन्हा बजावू लागले, "मेस्त, सांगून दवरतां, कोट नाका," आणि तेवढ्यात माझं बोट लागलं.

पावसाळा सरता सरता ते गेले, दुकानातच, खुर्चीत बसल्या जागी. सगळ्या गावाचे फोटो काढणाऱ्या माणसाचा घरात एक धड फोटो नव्हता. वैनींनी माझ्याकडे मागितला. मी तोच दिला आणि म्हटलं, "वैनी, आसा तसोच लावात. तांणी सांगलां." त्यांनी मान हलवली.

बाराव्याला गेलो. भिंतीवर हार घातलेला फोटो होता. कोटातला. वरचं बटण लावलेलं. भुवया काळ्याभोर, मागे खाणीच्या जागी निळा पडदा. तुयेचा तो गडी हात जोडून बाजूला उभा होता, रडून डोळे सुजलेले.

वैनी माझ्याजवळ आल्या. "तुमी सांगिल्लें, म्हाका याद आसा," हळूच म्हणाल्या. "पूण जल्मभर तांणी सगळ्यांक घालो. तांकां मात कोणेच घालो ना. म्हज्यान रावूंक जालें ना."

गावातल्या प्रत्येक बायकोला नवरा जसा भिंतीवर हवा होता, तसाच त्यांनाही हवा होता. ती हौस ह्यांनीच लावलेली. मी फोटोला फूल वाहिलं.

त्या गड्याने सगळं नीट केलं होतं, फक्त तोंडाला हात लावला नव्हता. ते किंचित उघडं आहे. येणारा जाणारा म्हणतो, बघा, दुसऱ्यांना कधी हसू दिलं नाही आणि स्वतः कसे हसतायत. ते हसत नाहीत. ते "नाका" म्हणतायत.