दगडाबाईचा उंबरा

दगडाबाईच्या आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून तिचं नाव दगडाबाई. असलं ओबडधोबड नाव ठेवलं की मरण पोराकडे ढुंकून बघत नाही, असा जुन्यांचा समज. मरणानं नाही बघितलं ते बरंच झालं, पण सरकारनंही बघितलं नाही. ताडकळसजवळच्या गायरानावर तिचा अख्खा संसार झाला आणि सरकारी कागदावर तिचं घर म्हणजे गुरांचा गोठा.

यात एकट्या सरकारला बोल लावता येत नाही. गोठा तिनंच सांगितला होता. मुलगा राम पाळण्यात असताना मोजणीची माणसं आली. गायरानात घर दिसलं की पाडतात, जनावर बांधलेलं दिसलं की सोडून देतात, अशी आवई उठली होती. नवरा व्यंकट आधीच भित्रा. दोघांनी चुलीवर कडबा पसरला, भांडी पोत्यात कोंबली आणि शेळी आणून मधोमध बांधली.

"गोठा हाय सायब," दगडाबाईनं हात जोडून सांगितलं.

पाळण्यातलं पोर नेमकं तेव्हाच रडलं. साहेबानं ते ऐकलं आणि लिहिलं: गोठा. तेव्हा सगळ्यांच्याच सोयीचं होतं.

पुढं त्याच सोयीनं गळा धरला. वीज मागायला गेली, तर गोठ्याला मीटर मिळत नाही. घरकुल मागितलं, तर आधी राहतं घर दाखवा. व्यंकट गेला तोही कागदोपत्री गोठ्यातच. त्याचं दिवसपाणी उरकल्यावर दगडाबाईनं पहिलं काम काय केलं, तर दाराला सिमेंटचा उंबरा घातला. पत्र्याच्या खोलीला सिमेंटचा उंबरा! लोक हसले. हसू देत. रोज सकाळी ती त्यावर हळदकुंकू वाहते.

यंदा नोटीस आली. गायरान मोकळं करायचं. ज्यांची राहती घरं असतील त्यांचं म्हणणं आधी तहसीलला ऐकलं जाईल. गोठे आणि खोपटं मात्र सरळ काढून टाकणार. पाहणीला तलाठी येणार आणि पंच म्हणून माणिकराव. माणिकरावांचं शेत गायरानाला खेटून. गायरान मोकळं झालं की कुणाच्या नांगराखाली जाईल, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

पाहणीच्या सकाळी सून निकितानं विचारलं, "आत्या, शेळी भाईर बांधू का?"

"गावाच्या भाईर बांध."

तलाठी आला तो तरणाच निघाला, नव्यानंच बदलून आलेला. बगलेत फाइल, पायात बूट. उंबऱ्याशी थांबला, वाकला, नाड्या सोडल्या, बूट बाजूला ठेवले आणि आत आला. कुणी सांगितलं नव्हतं. चुलीवर वरण शिजत होतं, फळीवर पितळी भांडी होती, भिंतीला रामच्या लग्नाचा फोटो. राम स्वतः वीटभट्टीवर गेलेला. तलाठ्यानं हे सगळं बघितलं आणि मग फाइल उघडली.

"आजी, इथं तर गोठा लिहिलंय. तुमच्याच सांगण्यावरून."

बाहेर लिंबाखाली उभ्या माणिकरावांनी तिथूनच आवाज दिला, "हाय तेच लिवा की सायब. आमी लय वर्सं बघायलोत. गोठाच हाय त्यो."

दगडाबाई पुढं झाली. इतकी वर्षं जे कुणापाशी बोलली नव्हती ते तिनं सरळ सांगून टाकलं. "व्हय, म्याच सांगितलं. खोटं सांगितलं. पाडतील म्हणून भ्याले. पण सायब, गोठा हाय तर तुमी बूट कामून काढले?"

तलाठ्यानं स्वतःच्या पायांकडे पाहिलं. एका मोज्यातून अंगठा बाहेर आला होता. निकितानं तोंड फिरवलं.

"सवयीनं काढले," तो म्हणाला.

"माणिकराव मालकाच्या गोठ्यात जाताना काढता का?"

त्यानं पुन्हा एकदा चुलीकडे, फळीकडे बघितलं आणि लिहायला लागला. लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवलं: "राहते घर. चूल, भांडी व कुटुंबाचे वास्तव्य दिसून आले."

"लिवलंच हाय तर आणा इकडं, सही करतो," माणिकराव बाहेरून म्हणाले.

"काका, पंचानं आत येऊन बघायला लागतं. नसेल जमत तर दुसरा पंच बघू का?"

दगडाबाईनं माणिकरावांच्या रानात उभा जन्म कापूस वेचला होता. ते तिच्या दारात हाक मारायला येत. आत कधी आले नव्हते. तिलाही त्यांच्या ओसरीच्या पुढं पाऊल टाकायची मुभा नव्हती. पण पंचाचा मान दुसऱ्याला गेला तर गावात शोभा होईल, म्हणून दुसरा पंच म्हटल्यावर ते गडबडले.

"या मालक. वहाणा तेवढ्या काढा," दगडाबाई म्हणाली.

त्यांनी काढल्या. आत आले, छताकडे बघत सही केली. निकितानं दिलेला चहा अर्धा टाकला. अर्धा प्यायले, हेही काही कमी नाही.

घर वाचलं असं कुणी समजू नये. सुनावणी पूर्ण्याच्या तहसीलला होती आणि तिथला साहेब काय म्हणेल ते त्यालाच माहीत. सुनावणीच्या दिवशी सासू-सून गाडीची वाट बघत उभ्या होत्या, तेव्हा निकितानं मनातलं विचारलंच.

"आत्या, आन् पाडाच म्हणले तर?"

"म्हणू दे. मग कागदावर घर पाडलं असं लिवावं लागंल त्यांला. गोठा हटवला म्हणून हात झटकता येणार न्हाईत."

पूर्ण्याची एसटी आली. दगडाबाईनं पदर खोचला आणि आधी सुनेला वर चढवलं.