जीप सुटायच्या आत

आमच्या सोसायटीत माझ्याबद्दल एक गैरसमज पक्का रुजला होता. मी मिलिटरीत आहे, असं सगळे धरून चालायचे. भाईंदर पश्चिमेच्या त्या नव्या इमारतीत आमच्यासारखी मुंबईतून उठून आलेली कुटुंबं बरीच होती. सकाळी सगळ्यांचे नवरे मुंबईच्या दिशेनं जायचे आणि मी डबा घेऊन बरोबर उलट, काशिमिऱ्याकडे. तिथून सेंटरची गाडी आम्हा सिव्हिलियन लोकांना उचलायची आणि चेण्याजवळ, घोडबंदर रोडला लागून असलेल्या ट्रेनिंग सेंटरात नेऊन सोडायची. खालचा किराणावाला मला एकटी गाठून हळूच विचारायचा, "भाभी, कँटीन से दो बाटली का कुछ जमेगा?" मी त्याला सांगायचे, की बाबा, मला तिथं चहासुद्धा स्वतःच्या पैशानं प्यावा लागतो. त्याचा कधी विश्वास बसला नाही. माझ्या सासूबाईंनाही सून बंदूक चालवते म्हणून सांगायला आवडायचं, त्यामुळे घरातून मला काही मदत नव्हती.

मी तिथं साधी कारकून होते. माझ्याकडे रिपोर्टिंगचं टेबल होतं. देशभरातल्या पलटणींमधून जवान कोर्सला यायचे. एका हातात काळी ट्रंक, खांद्यावर होल्डऑल, डोळ्यांत दोन-दोन रात्रींची झोप. त्यांनी आधी माझ्यासमोर उभं राहायचं. मी कागद तपासून त्यांना एक कार्ड द्यायचे. ते घेऊन दवाखाना, स्टोअर, मेस, बरॅक असं फिरायचं, प्रत्येक ठिकाणी सही घ्यायची आणि कार्ड भरलं की परत माझ्याकडे यायचं. मग सेंटरचे मोठे साहेब शेवटची सही करायचे आणि तो माणूस 'स्ट्रेंथवर' यायचा, म्हणजे अधिकृतपणे सेंटरचा व्हायचा. त्यानंतर त्याचं जेवण, पगार, आजारपण, सुट्टी, सगळं आमच्या अंगावर. तोपर्यंत मात्र तो कुणाचाच नसायचा. जुन्या पलटणीनं त्याचं नाव कापलेलं असायचं आणि आमच्याकडे ते चढलेलं नसायचं.

कार्ड भरायला दोन दिवस आरामात जायचे. दवाखान्यात कंपाउंडर आधी उंची मोजायचा, मग वजन, मग दात बघायचा, मग म्हणायचा डॉक्टर राउंडला गेलेत. पण खरी अडचण स्टोअरची. तिथले अंकल उत्तनचे. रविवारी चर्चमध्ये देवाशी गोड बोलून झालं, की उरलेला सगळा कडूपणा ते सोमवारपासून आमच्यासाठी राखून ठेवायचे. कुणीही समोर आलं की मान वर न करता त्यांचं ठरलेलं वाक्य, "आता टाइम न्हाय. जेवल्यावर ये." जेवल्यावर गेलं की बूट मापाचे नसायचे, मापाचे असले तर चादर संपलेली असायची. मी त्यांच्याशी अनेकदा भांडले आणि प्रत्येक वेळी हरले.

आमच्या ऑफिसचे प्रमुख सुभेदारसाहेब होते. मराठवाड्यातले, आवाज असा की बरॅकमधले लोक ऑफिसातलं बोलणं ऐकायचे. जवानाच्या घरून वाईट बातमीची तार आली, तर ती त्याच्या हातात द्यायची नाही, ही त्यांनी घालून दिलेली पद्धत होती. तार आधी त्यांच्याकडे जायची. ते त्या माणसाला आत बोलवायचे, खुर्चीवर बसवायचे आणि स्वतःच्या तोंडानं सांगायचे. एवढा मोठा आवाज त्या वेळी दाराबाहेर ऐकू यायचा नाही.

एकदा अशी तार आली, पण ज्याच्या नावानं आली तो जवानच अजून पोचला नव्हता. आई सिरियस आहे, ताबडतोब ये, एवढाच मजकूर. जुन्या पलटणीतून तो निघाला होता, आमच्याकडे यायचा होता, म्हणजे कुठल्या तरी गाडीत बसलेला होता. त्याला गाठायचं कुठे? तार सुभेदारसाहेबांनी खिशात ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला. साताऱ्याकडचा, रुंद खांद्यांचा, प्रवासानं चेहरा काळवंडलेला आणि तरी हसरा. माझं मराठी ऐकून तर त्याची कळी खुलली. "आयला, ताई, तिकडं डोंगरात दोन वर्षं मराठी बोलाय कुणी गावलं न्हाई. आता बोलून बोलून तुमचं डोकं खातो बगा." मी कागदावरचं नाव वाचलं. तारेवरचंच नाव. त्याला बाहेरच्या बाकावर बसायला सांगून मी आत गेले.

मला वाटलं, सुभेदारसाहेब लगेच त्याला बोलावतील. ते घड्याळाकडे बघून म्हणाले, "आत्ता सांगायचं नाही. आधी त्याचं कार्ड भरून घ्या."

मी उसळले. "साहेब, त्याची आई तिकडे मरणाच्या दारात आहे आणि आपण त्याला बुटाचं माप द्यायला पाठवायचं? तार त्याची आहे. आपल्या बापाची नाही."

"बाई, खाली बसा."

"नाही बसत."

मग त्यांनी मला उभीलाच समजावलं. सुट्टी सेंटर देणार. पण सेंटर सुट्टी देणार ती स्ट्रेंथवर असलेल्या माणसाला. हा अजून स्ट्रेंथवर नाही. तसाच निघून गेला तर फरारी ठरेल, नोकरी जाईल. शेवटची सही करणारे साहेब दुपारी जेवून जीपनं पुण्याला निघणार होते, ते दोन दिवसांनी परतणार. अर्ध्या कार्डावर सही करणारा तो माणूस नव्हता, हे मलाही माहीत होतं. पण जीप सुटायच्या आत कार्ड पूर्ण झालं, तर साहेब सहीही करतील आणि याला जीपमध्ये मागे बसवून पुण्यापर्यंतही नेतील. पुढे सातारा किती लांब?

"मग त्याला सांगूनच पळवू या ना," मी म्हटलं.

"मागं एकाला सांगितलं होतं," ते म्हणाले. "पहिलवान गडी. मैदानाच्या कडेला जो बसला तो संध्याकाळपर्यंत उठलाच नाही. कार्ड तसंच राहिलं. गावी पोचला तेव्हा राखसुद्धा गार झाली होती. मला पुन्हा तसं नको."

मला ते पटलं नाही. बाहेर जाऊन मी त्याच्या हातात कार्ड ठेवलं आणि म्हटलं, "आज सगळं उरकून टाक. साहेब बाहेर जाणार आहेत." तो दवाखान्याकडे वळला न वळला, तोच मी फोनला लागले. आतल्या लाइनवरून एकेकाला सांगितलं, असा असा माणूस येतोय, त्याच्या घरी असं झालंय, त्याला माहीत नाही, बोलू नका आणि अडवू नका.

दवाखान्यातून तो इतक्या लवकर परत आला, की मलाच खरं वाटेना. "ताई, वजनपण केलं न्हाई. डॉक्टर सोता बाहेर आलं, खांद्यावर हात ठिवला आन् सही ठोकली." मी म्हटलं, "धडधाकट दिसतोस, वजन कशाला करतील? स्टोअरला पळ."

स्टोअरचा मला भरवसा नव्हता, म्हणून मी काहीतरी काम काढून मागोमाग गेले. दारातून बघते तर अंकल उठून उभे होते. मी त्या माणसाला उभं राहिलेलं प्रथमच बघत होते. काउंटरवर चादर, ब्लँकेट, मग, बुटांचे तीन जोड मांडून ठेवलेले. "तुला बसतोय तो घे," अंकल म्हणाले. "घाई न्हाय. तुला वाटेल तो घे." जवानानं एक जोड उचलला, उलटा करून पाहिला आणि अंकलकडे नुसता बघत राहिला. मग हसला. "मामा, तुमच्यासारका देवमाणूस कुठल्या स्टोअरात बघितला न्हाई." अंकलनी सही करून कार्ड त्याच्या पुढे सरकवलं आणि पाठ फिरवून रॅक लावायला घेतलं. रॅक आधीच लावलेलं होतं.

मेसमध्ये आचाऱ्यानं त्याला अवेळी गरम पुरी-भाजी वाढली. बरॅकच्या हवालदारानं खिडकीजवळची खाट दिली. वर्षभर ज्या लोकांनी जवानांना रडवलं, त्यांना एका सकाळीत माणुसकीचा झटका आला होता. तो दरवेळी माझ्या टेबलावरून जाताना काहीतरी बोलून जायचा. आचाऱ्याच्या मिशा, हवालदाराचं घोरणं, इथली माकडं. मी हसायचे आणि हसता हसता मला स्वतःचा राग यायचा. एवढं तोंड भरून बोलणाऱ्या माणसाला आपण अंधारात ठेवतोय, आणि तो बिचारा खुशीत हिंडतोय, हे मला सहन होत नव्हतं. सुभेदारसाहेब दर थोड्या वेळानं दारात येऊन बोटानं विचारायचे, किती राहिल्या? मी बोटानंच सांगायचे.

साहेबांची जीप पोर्चमध्ये लागली आणि तेवढ्यात कार्ड माझ्या टेबलावर आलं. भरलेलं. मी ते आत नेलं, साहेबांनी सही केली, सुट्टीचा कागद मी आधीच टाइप करून ठेवला होता, त्यावरही केली. आता तो आमचा झाला होता. सुभेदारसाहेबांनी त्याला बोलावून खुर्ची दाखवली. तो बसला नाही. मी दाराशी होते.

"बेटा, घरून तार आलीये," ते म्हणाले. "आई सिरियस आहे."

 त्यानं विचारलं, "म्हंजे हाय अजून?"

"आहे ना. म्हणून तर तुला पाठवतोय. साहेब पुण्यापर्यंत नेतील."

त्याचा चेहरा असा उजळला, की मला ते चमत्कारिक वाटलं. रडेल, भडकेल, आम्हाला बोल लावेल, या सगळ्याची माझी तयारी होती. त्यानं कडक सॅल्यूट ठोकला, कागद खिशात घातला, ट्रंक बाकाशीच सोडून होल्डऑल तेवढं उचललं आणि जवळजवळ पळतच जीपच्या मागच्या बाजूला चढला. जीप फाटकाबाहेर पडल्यावर सुभेदारसाहेब म्हणाले, "धक्का बसलाय. जाणवेल नंतर." मलाही तसंच वाटलं.

पंधरवडा उलटून गेल्यावर तो परत आला. सुट्टीवरून आलेल्या माणसालाही पहिल्यांदा माझ्याच टेबलाशी यावं लागे. त्यानं घाम पुसायला टोपी काढली आणि मला भादरलेलं डोकं दिसलं.

"गाठ पडली, ताई," मी विचारायच्या आत तो म्हणाला. "रातीला पोचलो. जागी हुती. वळाखलं मला. आलास व्हय, म्हनली. पहाटं गेली."

दुपारची जीप चुकली असती तर, हा विचार मनात आला. तरीही पंधरा दिवस जे मनात होतं ते मी बोललेच. "तुला आधी सांगायला हवं होतं रे. मी भांडले होते. सकाळभर तुला अंधारात ठेवलं आणि—"

"मला कळलं हुतं की," तो म्हणाला.

"काय कळलं होतं?"

"घरी कायतरी झालंय म्हनून. डॉक्टरनं खांद्यावर हात ठिवला तवाच शंका आली. सात वर्षं नोकरी झाली, ताई, कुटल्या डॉक्टरनं हात लावला न्हाई. मग स्टोअरात गेलो. तीन जोड मांडून ठिवल्यालं. घाई न्हाय म्हनले." तो हसायला गेला, पण ते जमलं नाही. "स्टोअरवाला कदी असं बोलतो व्हय? तितंच समाजलं. घरात आईबिगर हाय कोन मला? वाटलं, गेली."

"मग विचारलं का नाहीस? एकदा तरी विचारायचंस ना. वर आम्हाला आचाऱ्याच्या मिशा सांगत बसलास."

त्यानं टोपीची कड बोटांनी नीट केली. "विचारलं असतं तर तुमी सांगितलं असतं. जवर कुनी तोंडानं बोलत न्हाई, तवर ती हाय, असं वाटत हुतं. म्हनून तुमालाबी बोलू दिलं न्हाई. आपलीच बडबड चालू ठिवली."

आम्ही सगळे मिळून त्याला सांभाळत होतो, अशी माझी समजूत होती. मला रडू फुटलं आणि मी ते लपवलं नाही. रांगेत मागे नवे जवान ट्रंका घेऊन उभे होते, त्यांना काय वाटायचं ते वाटो. आई त्याची गेली होती आणि पदरानं डोळे मी पुसत होते. त्याचा कागद समोर पडला होता आणि मला त्यावरची एक ओळ दिसत नव्हती.

"निवांत हू द्या, ताई," तो म्हणाला. "आता मला कुटं जायची घाई न्हाई."