एकच नर

कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीत, पार्किंगच्या कडेला एक कढीपत्ता आहे. पानं सगळेच तोडतात, पाणी मात्र कुणी घालत नाही. त्यावर फुलपाखरं अंडी घालतात. पिवळसर, मोत्यासारखी. एकदा मला त्यातली दोन-तीन काळी पडलेली दिसली. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते म्हणून ती पानं घरी आणून काचेच्या नळीत ठेवली. आठवडाभरात अंड्यांना भोकं पडली आणि आतून अळ्यांऐवजी गांधीलमाश्या निघाल्या. नळी उजेडाकडे धरली तर धूळ हलल्यासारखी वाटे, इतक्या लहान. दुसऱ्याच्या अंड्यात अंडं घालायचं आणि आतला जीव खाऊन बाहेर पडायचं, ही त्यांची रीत. शेतकरी यांच्याच भाऊबंदांची अंडी चिकटवलेली कार्डं खोडकिडीवर उपाय म्हणून उसात टांगतात.

मला ओळख पटेना. म्हणून मी सदाशिव पेठेत सरांकडे गेले. सरांनी मला एम.एस्सी.ला शिकवलं होतं आणि या माश्या ओळखण्यात त्यांची हयात गेली होती. आता डोळ्यांच्या पडद्याचा आजार झालेला. कडेचं थोडं दिसे, समोरचं नाही. त्यांचा जुना सूक्ष्मदर्शक अजून जेवणाच्या टेबलावरच होता, पण ते त्याच्यापाशी बसत नसत.

"तू बघ, मला सांग," ते म्हणाले.

मी सांगत गेले. पंखावरच्या केसांच्या रांगा, डोक्यावरच्या शिंगिकांची टोकं. ते मध्येच थांबवून विचारत, "रांग सरळ की वळलेली?" बराच वेळ असं चाललं. मग म्हणाले, "नर दाखव."

"नर नाहीत, सर. सगळ्या माद्याच निघाल्या."

"मग बस. या कुळात माद्या सगळ्या सारख्याच. खरा फरक नराच्या जननेंद्रियात. नर नाही तर ओळख नाही."

मी घरी त्यांची पैदास सुरू केली. तांदळाला लागणाऱ्या पतंगाची अंडी कागदावर चिकटवून नळीत सोडायची, माश्या त्यात अंडी घालत. पुढची पिढी निघाली. सगळ्या माद्या. त्याच्या पुढचीही तशीच. सरांना फोन केला तेव्हा ते हसले. "अगं, त्यांच्या अंगात जंतू असेल. काही जातींत असतो. तो नर होऊच देत नाही. मधातून प्रतिजैविक दे, जंतू मरतो. मग पोटी नर येतात."

पहिल्या खेपेला औषध जड झालं बहुधा. बहुतेक माद्या अंडी न घालताच गेल्या. जी थोडी अंडी काळी पडली, त्यांतून एकच जीव बाहेर आला, आणि त्याच्या शिंगिकांवर लांब केस होते. नर! मी स्वयंपाकघरात एकटीच मोठ्यानं "आला!" म्हणाले. तो टिकावा म्हणून त्याला अल्कोहोलमध्ये घातलं, आणि उरलेल्या माद्यांसाठी औषध पातळ करून मध कालवला.

दोनच दिवसांनी कॉलेजातून परतले तर जिन्यात रॉकेलसारखा वास. डासांसाठी धूर मारून गेले होते. आम्ही पहिल्या मजल्यावर. खिडकी वाऱ्यासाठी उघडी होती. नळ्यांच्या तळाशी काळी भुकटी पडलेली. एकही हलत नव्हती. खाली कढीपत्त्याची पानं तेलकट झाली होती.

मी सेक्रेटरींकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मॅडम, बी विंगमधली मुलगी डेंग्यूनं अॅडमिट आहे. तुमच्या माश्यांना विचारून धूर मारायचा होता का?"

ती मुलगी मला रोज पार्किंगमध्ये हाक मारते. भांडायलासुद्धा समोर कुणी चुकलेलं नव्हतं.

मी त्या नराची स्लाइड केली. श्वास रोखून, सुईच्या टोकानं. नीट झाली. ती घेऊन सरांकडे गेले. जननेंद्रियाच्या शेवटच्या भागातली एक बारीक पट्टी इतर जातींत निमुळती असते; इथे ती टोकाला दुभंगलेली होती. हे मी सांगितलं. सरांनी तळहातावर बोटानं आकार काढून विचारलं, "अशी?"

"हो, अशीच."

"असं मी कुठल्याच जातीत पाहिलेलं नाही." त्यांचा चेहरा उजळला, आणि लगेच उतरला. "पण एकच आहे ना? औषध जड झालं म्हणालीस. त्यामुळे आलेलं व्यंगही असेल. दुसरा नर मिळाल्याशिवाय नवी जात म्हणता येणार नाही."

त्यानंतर वर्षभर मी कढीपत्ते शोधत हिंडले. ओळखीच्यांच्या बाल्कन्या, शाळांची आवारं, टेकडीच्या पायथ्याचे बंगले. "भाजीला हवाय का?" म्हणून लोक डहाळ्या हातात देत. अंडी भरपूर मिळाली. काही काळी पडली, त्यांतून निघाल्या त्या नेहमीच्या, पुस्तकात असलेल्या माश्या. बाकीच्यांतून गुबगुबीत अळ्या.

परवा सरांकडे गेले होते. ते म्हणाले, "स्लाइड आणलीस का? लाव."

मी लावली, दिवा सुरू केला. ते चाचपडत खुर्चीत बसले आणि भिंगाला डोळा लावला. मान डावीकडे वळवली, मग उजवीकडे. कडेनं तरी काही सापडतंय का पाहत होते. मी खुर्चीची पाठ धरून उभी होते. आकार कुठे आहे ते सांगावंसं वाटत होतं. व्यंग की रूप, ते एका नजरेत सांगणारा माणूस माझ्यासमोर बसला होता, आणि त्याची मान भिंगावर हळूहळू फिरत होती.

शेवटी त्यांनी डोळा काढला, चष्मा पुसला.

"दिवा बंद कर," म्हणाले, "उगाच स्लाइड तापेल."