सख्खे शब्द, सावत्र शब्द

“मॅडम, आज माणसाचा शब्द द्या.”

जेवणाच्या सुट्टीत टाइम ऑफिसच्या खिडकीशी डबा ठेवून ताई हेच म्हणायच्या. खुर्ची, टेबल, पाऊस, गाडी असले शब्द त्यांना नको असत. माणूस कसा आहे हे सांगणाराच इंग्रजी शब्द हवा, आणि त्याच्या जोडीला त्याच अर्थाचे आणखी तीन-चार.

अंबरनाथजवळ आनंदनगरच्या एका कारखान्यात मी हजेरी आणि टायपिंग बघायचे. दोन हजार तीन-चारची गोष्ट. ताई पॅकिंगमध्ये, कंत्राटावर होत्या. चाळिशीच्या, अंबरनाथ पश्चिमेला राहणाऱ्या, आठवीत शाळा सुटलेल्या. सकाळी गेटवर वॉचमनपासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांना एकाच आवाजात “जय भीम” घालायच्या. मॅनेजर दचकून “गुड मॉर्निंग” म्हणायचे.

“हा नाद कशाला लागला तुम्हाला?” मी एकदा विचारलं.

“शिव्या कळतात हो. पण सुपरवायझर हसत हसत इंग्लिशमध्ये काहीतरी म्हणतो, आणि आमच्या बायकापण हसतात. काल म्हणाला, ‘यू ऑल आर लेथार्जिक.’ सगळ्या खूश. मला वाटलं, आधी बघू तरी आपल्याला काय म्हणाला.”

मी अर्थ सांगितला. ताईंनी घास खाली ठेवला. “आळशी? उभ्याने बाराशे खोके भरले काल!”

तेव्हापासून शंभर पानी वही आली. माझ्याकडे कॉलेजातला जुना समानार्थी शब्दांचा कोश होता. आधी त्या देवनागरीत उतरवून घ्यायच्या, मग हळूहळू इंग्रजी अक्षरं जुळवायला लागल्या. शब्दांची नाती त्यांनी स्वतःच लावली होती.

“लेझी आणि लेथार्जिक सख्खे का चुलत?”

“चुलत म्हणा.”

“आणि हे थ्रिफ्टी, स्टिंजी?”

“पहिला काटकसरी, दुसरा चिक्कू.”

“म्हणजे सावत्र. घर एकच, पण एकाला दूध आणि दुसऱ्याला मार.”

मी बीए झाले होते, पण हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

पुढे पुढे त्या माणसांना शब्द वाटायला लागल्या. भित्रा वॉचमन ‘टिमिड’, कॅन्टीनवाला ‘जेनरस’, कारण तो भाजी वाढताना बघत नसे. सुपरवायझरला एकदा तोंडावर म्हणाल्या, “सर, यू आर व्हेरी हॉटी.” तो बिचारा लाजला. घमेंडखोर म्हणाल्या होत्या, हे आम्हा दोघींनाच ठाऊक.

आता जे सांगायचं, ते सांगायला मला जड जातंय.

ताई पहिल्यांदा गेटवर आल्या तेव्हा त्यांच्या हातात एक अनुभवाचं पत्र होतं. उल्हासनगर कॅम्प नंबर तीनमधल्या एका जीन्सच्या कारखान्याचं, इंग्रजीत टाइप केलेलं. त्यांनी ते लॅमिनेट करून घेतलं होतं. दोन्ही हातांनी, प्रसाद द्यावा तसं, त्यांनी ते खिडकीतून आत दिलं. मी वाचलं. ‘हार्डवर्किंग, पंक्च्युअल, बट क्वॉरलसम.’ कष्टाळू, वेळ पाळणारी, पण भांडखोर.

त्या दिवशी पॅकिंगला माणसं कमी होती. मी कंत्राटदाराला “बरी आहे बाई” म्हटलं आणि पत्र परत केलं. त्यात काय लिहिलंय हे त्यांना माहीत नसेल, असं मनात आलं होतं. पण नको, उगाच कशाला दुखवा, म्हणून गप्प बसले.

दीड वर्षानंतरच्या एका दुपारी शब्द निघाला ‘अर्ग्युमेंटेटिव्ह’, वाद घालणारा. मी ओळ वाचायला लागले आणि शेवटचा शब्द दिसताच थांबले. कोश मिटणार, तेवढ्यात ताईंचं बोट पानावर आलं.

“हा एक राहिला की.”

“तो नाही लागत फारसा.”

पण त्या एकेक अक्षर उतरवायला लागल्याही होत्या. पहिल्याच अक्षरावर, ‘क्यू’वर, थबकल्या. “हा शेपटीवाला गोल मी कुठंतरी पाहिलाय.”

पिशवीत कायम बाळगलेलं ते पत्र त्यांनी काढलं. वहीशेजारी ठेवलं. एक बोट वहीवर, एक पत्रावर, अशी दोन्ही बोटं अक्षरामागून अक्षर पुढे सरकत गेली. मला उठून जावंसं वाटत होतं.

“अर्थ काय?”

“भांडखोर,” मी म्हणाले.

त्यांनी पत्र पुन्हा पिशवीत घातलं. मग म्हणाल्या, “सात गेट, मॅडम. तुमच्या आधी सात कंपन्यांच्या गेटवर मी हे दाखवलं. सगळे वाचायचे आणि म्हणायचे, कळवतो. माझ्याच हातानं मी माझी चुगली करत फिरले.”

आणि मग माझ्याकडे बघून, “तुम्ही पहिल्याच दिवशी वाचलं होतं ना?”

“हो.”

“दीड वर्ष रोज समोर बसलात.”

डबा न खाताच त्या गेल्या. दोन दिवस खिडकीशी फिरकल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी आल्या आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. उल्हासनगरच्या त्या कारखान्यात बटणाच्या मशीनखाली एका मुलीचं बोट आलं होतं. शेठ म्हणाला, “माल निकलने दो, फिर जाना.” ताईंनी मशीनचं बटण बंद केलं, मुलीला रिक्षात घातलं आणि सरकारी दवाखान्यात नेलं. महिन्याभरात ताईंचं काम सुटलं.

“आता यासाठी सख्खा शब्द शोधा. चांगल्या घरातला.”

मी कोश उलटापालटा केला. त्या ओळीत एकही नव्हता.

“नसणारच,” त्या म्हणाल्या. “पुस्तक शेठ लोकांनीच लिहिलं असणार.”

पुढच्या वर्षी पॅकिंगचं कंत्राट संपलं आणि चोवीस बायकांना एकदम कमी केलं. मॅनेजरांनी प्रत्येकीच्या अनुभवाच्या पत्राचा मजकूर सांगितला, मी टाइप केला. पत्रं गेटवर वाटली. बायका पिशव्या उचलून निघणार, तर ताई आडव्या उभ्या.

“थांबा गं. वाचल्याशिवाय कुणी हलायचं नाही.”

आणि त्यांनी एकेकीचं पत्र वाचून अर्थ सांगायला सुरुवात केली. अडखळत, पण मोठ्याने. मॅनेजर बाहेर आले ते जागीच उभे राहिले. “ये पढ़ती है?” त्यांनी मला विचारलं.

अर्ध्या तासाने ताई एका तरण्या बाईला हाताला धरून आत आल्या. तिचं पत्र टेबलावर ठेवलं. ‘अनकोऑपरेटिव्ह’ शब्दाखाली नखाने रेघ ओढलेली होती.

“साहेब, हिचं मूल अंगावर पितंय. ती ओव्हरटाइमला नाही म्हणाली. तेवढ्यासाठी आडमुठी?”

मॅनेजरांनी पत्र माझ्याकडे सरकवलं. मग म्हणाले, “काढून टाका तो शब्द.” मी नवं पत्र टाइप केलं. ताईंनी ते वाचलं, त्या बाईच्या हातात दिलं आणि तिला पुढे पाठवलं.

दारातून त्या मागे वळल्या.

“मॅडम, हा शब्द साहेबांनी सांगितला. टाइप तुम्ही केलात.”

आवाजात राग नव्हता. असता तर मी काहीतरी बोलले असते.

बाहेर बायका शेअर रिक्षांत बसल्या. ताई शेवटच्या रिक्षात ड्रायव्हरशेजारी बसल्या, पिशवी मांडीवर घेऊन. रिक्षा अंबरनाथच्या दिशेने गेली. ताई मला पुन्हा कधी दिसल्या नाहीत. त्या दिवशी मी टाइपरायटरला कव्हर घातलं आणि सायरन होईपर्यंत त्याच्यासमोर तशीच बसून राहिले.