साडूंच्या यंत्रातली द्राक्षं

न तपासता विश्वास ठेवावा अशी एकही वस्तू जगात नाही, असं मानणारा माणूस मला नेमका साडू म्हणूनच मिळायचा होता. जालन्याच्या एका प्रयोगशाळेत ते वाइनची द्राक्षं तपासतात. फवारलेल्या औषधाचा अंश किती उरलाय आणि माल सांगितलेल्याच शेतातला आहे का, हे त्यांचं यंत्र सांगतं. प्रत्येक मातीची खूण म्हणे फळात उतरते. यंत्र संध्याकाळी बंद होतं, साडू होत नाहीत. बदनापूरच्या एका लग्नात पंगत खोळंबली, कारण हे आचाऱ्याला विचारत होते, "कोथिंबिरीवर शेवटची फवारणी कधीची?" जांब समर्थला तर प्रसादाची द्राक्षं त्यांनी रुमालात बांधून खिशात घातली. मेहुणी चिडली, तेव्हा म्हणाले, "देवाचं बराबर हाय, पण फवारून तर माणूसच राह्यला ना!" सोमवारी ती द्राक्षं खरोखर यंत्रात गेली, आणि मंगळवारी 'प्रसाद उत्तम' असा निरोप सगळ्या नातेवाइकांना आला.

असा माणूस लांबूनच बरा. पण तीर्थपुरीच्या आमच्या सासऱ्यांनी, म्हणजे मामांनी, पहिल्यांदाच वाइनची द्राक्षं लावली आणि वाइनच्या कारखान्याने नमुने पाठवले ते साडूंच्याच टेबलावर. पिशव्यांवर नाव नसतं, नुसता आकडा. पण मामांची माती साडूंना तोंडपाठ. एका आकड्याच्या पिशव्यांत ती त्यांनी ओळखली; त्यातल्या एकीत मात्र ती माती नव्हती, आणि औषध भरपूर होतं. शेजाऱ्याचे दोन क्रेट कुणी घेईना, म्हणून मामांनी भिडेखातर ते आपल्या मालात घातले होते. साडूंनी त्या दिवशी डबा उघडला नाही, पण अहवालावर सही केली. सगळा माल परत आला.

"ज्या घरात पोरगी दिली, त्याच घरानं मला खोटं पाडलं," एवढं बोलून मामांनी अबोला धरला. धोंड्याच्या महिन्यात जावई म्हणून बोलावणं आलं ते एकट्या मला. ताटात पुरणाचे धोंडे होते, शेजारचा पाट रिकामा होता. तुपाचा वास घेऊन शंका काढणारं कुणी नव्हतं, आणि खरं सांगतो, मला घास गोड लागेना.

यंदा पहिला घड उतरवून मामा म्हणाले, "चला जालन्याला." मीच त्यांना गाडीवर घेऊन गेलो. प्रयोगशाळेत त्यांनी घड साडूंपुढे धरला. "जावईबापू, या खेपेला सगळा माझ्याच मातीचा हाय."

साडूंनी एक मणी तोडला आणि न धुता, न हुंगता तोंडात टाकला. बराच वेळ चावत राहिले. मग अंगातल्या पांढऱ्या कोटाने डोळे पुसले. "गोड हाय, मामा." आणि उरलेला घड उचलून यंत्राकडे निघाले. "तरी तपासावा लागंल."

"तपासाच," मामा म्हणाले. "म्हणून तर तुमच्याकडं आणला."

मी बाहेर येऊन उगाच गाडी पुसत बसलो.