बोटभर लहान पाऊल

माझी धाकटी बहीण जोविता दोन वर्षांतून पंधरा दिवस आई असते. बाकीचे दिवस ती हाँगकाँगला एका चिनी कुटुंबाची पोरं सांभाळते आणि तिची पोर इथे मियागावला मी सांभाळते. क्रिझेल दोन वर्षांची असताना तिने ती माझ्या कडेवर दिली, आता पोर नऊची आहे. नवरा? तो क्रिझेल पोटात असतानाच मनिलाला काम शोधायला गेला, तो गेलाच.

क्रिझेल मला नानाय म्हणते आणि जोविताला मॉमी. दोन्हींचा अर्थ आईच. पण मॉमी म्हणताना पोरीचा आवाज जो चढतो ना, तो माझ्या कानाला टोचतो. उगाच कशाला लपवू?

जोविता लहानपणापासून अशीच. मागावर बसली की पाचव्या मिनिटाला धागा तोडायची आणि आई मला म्हणायची, "सेंदा, तू बस गं." मी बसले ती अजून बसलेच आहे. ती शिकली, शिक्षिका झाली, दोन वर्षं गावच्या शाळेत शिकवलंही. आता परक्यांच्या पोरांचा अभ्यास घेते, त्यांचे डबे भरते आणि त्यांच्या कुत्र्याला फिरवते. सुट्टीला आली की मात्र राणी! सगळी आळी गोळा होते, तिच्यासाठी पनसितच्या शेवया शिजतात, पोर तिच्या कुशीत झोपते. पंधरा दिवस मला कुणी विचारत नाही. विचारलंच तर, "सेंदा, अजून भात आहे का?"

सगळ्यात जास्त मी जळायचे ते बुटांवर.

दर जानेवारीत मी क्रिझेलला वहीच्या कागदावर अनवाणी उभं करायचे आणि पावलाभोवती पेन्सिल फिरवायचे. तो कागद हाँगकाँगला जायचा, त्या मापाचे बूट यायचे. मार्चमध्ये शाळेत पदकांचा दिवस असतो, त्या दिवशी ती ते घालायची. आणि सगळं गाव म्हणायचं, "तुझी आई किती छान बूट पाठवते गं!" डेंग्यूत अकरा दिवस उशाशी कोण बसलं? गणवेशाला इस्त्री कोण करतं? ते कुणाला दिसत नाही. बूट दिसतात. पोरगी ते उशाशी घेऊन झोपायची.

या जानेवारीत मी कागद पसरला. क्रिझेल उभी राहिली, नेहमीसारखी गुदगुल्यांनी हसायला लागली. म्हणाली, "नानाय, मॉमी या वर्षी पांढरे पाठवणारे. पट्टीवाले. मॉमीला सगळं कळतं."

माझ्या हातातली पेन्सिल तिरकी झाली. आत, बोटांच्या खाली.

"नानाय, पेन्सिल बोटांखाली जातेय."

"गप उभी राहा. हललीस की बिघडतं."

पाऊल बोटभर लहान निघालं. दुसरंही मी तसंच काढलं. पाकीट चिकटवताना मला बरं वाटलं, हेही सांगून टाकते. एक वर्ष तरी मॉमीचे बूट पायात जाणार नाहीत. एक वर्ष तरी पोर म्हणेल, मॉमीला काही कळत नाही.

यंदा क्रिझेल वर्गात पहिली आली. शाळेची चिठ्ठी आली, मुलीच्या गळ्यात पदक घालायला आईने किंवा वडिलांनी मंचावर यावं. आजवर मीच जात होते. त्या दिवसासाठी मी तीन महिने खपून नवं पातादयोंग विणलं होतं, निळ्या-पिवळ्या चौकड्यांचं. ते कमरेला गुंडाळून मी आरशासमोर दोनदा चालूनही पाहिलं.

पदकांच्या दिवसाला चार दिवस उरले होते. दुपारी दारात तीनचाकी थांबली आणि जोविता उतरली. सुट्टीची पाळी पुढच्या वर्षी. कळवलं नव्हतं. हातात एक पिशवी, सोबत भेटवस्तूंचा खोका नाही. खोक्याशिवाय हाँगकाँगहून कुणी घरी येतं का? शेजारची लोलिंग कुंपणावरूनच ओरडली, "काय गं, हाकललं की काय मालकिणीने?"

जोविताने पिशवी खाली टाकली. क्रिझेल धावत आली, तिला तिने घट्ट धरलं, मग तिथेच ओट्यावर बसवून तिच्या चपला काढल्या. पाऊल हातात घेऊन घोटा दाबला, एकेक बोट ओढून पाहिलं. "दुखतं का? इथे? चालताना?"

"नाही, मॉमी!"

जोविता रडायला लागली. मी मनात म्हटलं, झालं, नाटक सुरू.

मग पिशवीतून बूट निघाले. पांढरे, पट्टीवाले. क्रिझेलने पाय घातला. टाच बाहेरच राहिली. तिने बोटं आत दुमडली, ओठ चावला, दाबलं आणि पट्टी लावली.

"बसतात ना गं?" जोविताने विचारलं.

क्रिझेलने माझ्याकडे पाहिलं. नऊ वर्षांची पोर, पण ते पाहणं नऊ वर्षांचं नव्हतं. मग आईकडे वळून म्हणाली, "बसतात, मॉमी. अगदी बरोबर."

मी तेव्हा बोलायला हवं होतं. मी भाताखालचा जाळ बघायला आत गेले.

पदकांच्या दिवशी मी माझं पातादयोंग नेसून तिसऱ्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. बाईंनी नाव पुकारलं, "क्रिझेल आणि तिची आई." माझी कंबर सवयीने खुर्चीवरून उठली. पुढून जोविताही उठली. मी अख्ख्या गावादेखत परत खाली बसले. लोलिंग शेजारी कुजबुजली, "सेंदा, तुझी तर यंदा सुट्टीच!" तिचा गळा दाबावासा वाटला.

क्रिझेल मंचावर चढली. एक पाऊल टाकायची, थांबायची, दुसरं टाकायची. लोकांना वाटलं पोर लाजतेय. मला माहीत होतं कुठे काय रुततंय. पदक गळ्यात पडलं, टाळ्या झाल्या आणि मी मात्र खाली मान घालून माझ्या चौकड्या मोजत बसले.

घरी आल्यावर तिने बूट काढले. पांढऱ्या मोज्यांची टोकं लाल झाली होती. मी मोजे उचलून हातपंपाकडे निघाले, तेवढ्यात जोविताने माझं मनगट धरलं. क्रिझेलला तिने लोलिंगकडे पाठवलं, मग पिशवीतून एक प्लास्टिकचा लिफाफा काढला. आतले कागद तिने जमिनीवर ओळीने मांडले. सात वर्षांची पावलं. प्रत्येक आधीच्यापेक्षा मोठं, शेवटचं सोडून.

"मानांग, थोरली बहीण ना तू माझी," ती म्हणाली, "वाढतं पोर मागे जातं का गं? मी हा कागद सहाव्यावर ठेवून पाहिला. एकदा नाही, रोज. मला वाटलं तिचे पाय सुकत चाललेत. मला काळजी नको म्हणून तू सांगत नाहीस. मॅडमच्या पाया पडून आले मी. बूट घेतले तेही याच मापाचे. म्हटलं, पायच एवढा उरला असेल तर मोठे बूट बघून पोर रडेल."

 जिला दूर ठेवायला मी पेन्सिल वाकडी धरली, तिला मीच बोलावून आणलं होतं.

"पाय ठणठणीत आहे," मी म्हटलं. "पेन्सिल मी आत धरली."

"का?"

"जळत होते."

"कशावर?"

"बुटांवर."

"बुटांवर!" तिचा आवाज फाटला. "मानांग, तुझ्याकडे अख्खी पोर आहे गं! माझ्याकडे हे सात कागद. त्यातलाही एक तू खोटा दिलास."

त्यानंतर ती माझ्याशी तीन दिवस बोलली नाही. वाढलेलं जेवायची, ताट स्वतः घासायची.

निघायच्या सकाळी तिने कागद पसरला आणि क्रिझेलला उभं केलं. ती पहिल्यांदाच माप घेत होती, पेन्सिल सारखी कलत होती. पोरीच्या बोटांना पट्ट्या होत्या. "मॉमी, सरळ धर ना!" क्रिझेल हसत होती. जोविताने कागदाची घडी घालून पोलक्यात ठेवली, मला हात लावू दिला नाही. मग दुसरा कागद पसरला.

"आता तू."

"मला कशाला बूट? मी मागावर अनवाणीच बसते."

"पाय ठेव, मानांग."

मी ठेवला. मागाच्या पावड्या दाबून दाबून फताडं झालेलं, भेगाळलेलं पाऊल. तिने अगदी सावकाश पेन्सिल फिरवली. मी वर छपराकडे बघत होते. पेन्सिल कुठून गेली ते मी पाहिलं नाही.

नाताळच्या आधी खोका आला. वाढीची जागा धरून घेतलेले क्रिझेलचे बूट तिच्या पायात मापात बसले. खाली माझे होते, काळे, चामड्याचे. मी पाय घातला.

बोटभर लहान.

मी बोटं दुमडली, दाबलं, पट्टी लावली. नाताळची प्रार्थना पुरी उभ्याने ऐकली. बाहेर येताना लोलिंगने विचारलं, "नवे दिसतात! बहिणीने पाठवले? बसतात का गं?"

क्रिझेल माझा हात धरून उभी होती, माझ्याकडे बघत.

"बसतात," मी म्हटलं. "अगदी बरोबर."